उद्याच्या गोष्टींना संपादक हवा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत दोन नावे लागोपाठ येतात. जानेवारी 2020 मधल्या उस्मानाबादच्या 93व्या संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि डिसेंबर 2021 मधल्या नाशिकच्या 94व्या संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर. दिब्रिटो वसई तालुक्यातल्या आमच्या नंदाखालचे. 1983 ते 2007 एवढा दीर्घ काळ त्यांनी वसईतून ‘सुवार्ता’ हे मासिक संपादित केले आणि त्यातून इथल्या कितीतरी लोकांना लिहिते केले. नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला मान मिळवून दिला. जुलै 2024 मध्ये दिब्रिटो गेले, मे 2025 मध्ये नारळीकर. एकाकडे छोटे मासिक चालवण्याची चिकाटी होती, दुसऱ्याकडे उद्याची गोष्ट सांगण्याची हातोटी. ही दोन कामे मराठीत आज एकाच ठिकाणी कुठे होतात का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न मला नंदाखालमध्ये बसून पडतो, कारण इथली मुलेमुली लिहितात. विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मोबाइलवर लिहितात. कॉलेजात, आगाशी-अर्नाळ्याच्या बसमध्ये लिहितात. आणि पूर्वीच्या मुलांसारखे फक्त प्रेमकविता लिहीत नाहीत. समुद्र आत आल्यावर काय होईल, माणसाच्या आठवणी साठवून ठेवता आल्या तर वारसाहक्काचे काय, मेलेल्या आजीचा आवाज यंत्रातून येऊ लागला तर घरात कोण कुणाशी बोलेल, असल्या गोष्टी लिहितात. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा यांच्या सीमेवरच्या, दोन-तीन हजार शब्दांच्या गोष्टी. लिहून झाल्या की विचारतात, ‘ही कुठे पाठवू?’ या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही.

छापायला जागा नाही असे मात्र अजिबात नाही. जागा आज जितकी आहे तितकी मराठीच्या इतिहासात कधीच नव्हती. उणीव दुसरीच आहे, आणि ती कळायला थोडे मागे जावे लागेल.

मराठीत या जातीची कथा आली ती मासिकांच्या पानांतून. केरळातल्या कोचीनहून निघणाऱ्या कृष्णाजी नारायण आठल्यांच्या ‘केरळकोकिळ’मध्ये विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचा अनुवाद क्रमशः येत होता. त्यानंतरच्या दशकात श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली आणि स्वतंत्र मराठी विज्ञानकथेची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून धरतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेला वर्षातून एकदा हक्काचे मोठे अंगण मिळाले. स्वातंत्र्यानंतर अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या जोडीला 1954 मध्ये ‘नवल’ काढले. अद्भुत, गूढ आणि विलक्षण गोष्टींसाठी एक वेगळे मासिक असावे, हे त्या काळात ठरवून करणारा संपादक म्हणून अंतरकरांचे मोल फार मोठे आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी हे पुढे घरोघरी वाचले गेले, त्यांची भीती पिढ्यांनी अनुभवली; पण त्या भीतीला वाचक तयार करून देण्याचे काम अशा अंकांनी केले होते. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मुलांपर्यंत नेले आणि ‘बालमित्र’ हे मासिकही चालवले. द. पां. खांबेटे, द. चिं. सोमण, गजानन क्षीरसागर ही नावे आज फारशी कुणाला आठवत नाहीत. नारळीकरांच्या आधी विज्ञानकथेची वाट चालती ठेवणारे हे लोक होते आणि त्यांचे बरेचसे लेखन जुन्या मासिकांच्या रद्दीबरोबर गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग 1974 साल. ही हकिगत अनेकांनी सांगितली आहे, तरी या विषयात ती पुन्हा नीट पाहण्यासारखी आहे. 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने 1970 पासून विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली होती. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली, पण आपल्या नावाने पाठवली नाही. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाईंच्या हस्ताक्षरात तयार झाली. कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि जगताप कोण हे नंतर कळले. 1975 च्या कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या लेखनाची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडे आणखी कथा मागितल्या. 1979 मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

या हकिगतीत सगळे लक्ष नारळीकरांच्या टोपणनावाकडे जाते. मला मात्र त्यात तीन वेगळी माणसे दिसतात. अनोळखी नावाची कथा निवडणारा परीक्षक, व्यासपीठावरून नव्या प्रकाराला जागा देणारी समीक्षक, आणि पत्र लिहून पुढची कथा मागणारा संपादक. ही तिघे नसती तर ‘कृष्णविवर’ एका थोर शास्त्रज्ञाची एकुलती एक हौशी कथा म्हणून राहिली असती. त्याच स्पर्धेच्या आणि त्याच मासिकांच्या आधाराने पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे अशी फळी उभी राहिली. लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ इंग्रजीत गेली. फोंडक्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचा ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा इंग्रजी संग्रह 1993 मध्ये संपादित केला, त्यात ती आहे. एका भाषेतल्या कथेला देशभर नेणारा हा दरवाजाही एका संपादकानेच उघडला.

दुसरीकडे पन्नास आणि साठच्या दशकांतली लघुनियतकालिकांची चळवळ. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्या ‘शब्द’पासून अशोक शहाण्यांच्या ‘असो’पर्यंत आणि पुढेही, सायक्लोस्टाइल करून, पदरमोड करून, मोजक्या प्रती काढून या मंडळींनी मराठी कविता आणि गद्य हलवून सोडले. पण विज्ञानकथेला किंवा भयकथेला त्यांच्यात स्थान मिळाले नाही. ती ‘करमणुकीची’ कथा म्हणून दिवाळी अंकांकडे राहिली आणि प्रयोगशील लेखन लघुनियतकालिकांकडे. ही फाळणी मराठीला महाग पडली असे माझे स्पष्ट मत आहे. विलास सारंगांच्या कथा घ्या. त्यांत माणसांचे जे होते ते कुठल्याही अद्भुतकथेइतके विलक्षण आहे, पण त्यांची चर्चा अस्तित्ववाद आणि काफ्का यांच्याच अंगाने झाली. ‘नवल’च्या वाचकाला सारंग सहसा कुणी दाखवले नाहीत आणि सारंगांच्या वाचकाला धारप. दोन्ही बाजूंचे वाचक एका अंकात आले असते तर काय झाले असते, हे पाहण्याची संधी आपण घालवली.

आता संगणकाच्या युगाकडे येऊ. 16 सप्टेंबर 1996, गणेश चतुर्थी. त्या दिवशी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू झाली. परदेशात विखुरलेल्या मराठी माणसांनी ती आपली केली आणि लवकरच तिथे दिवाळी अंकही निघू लागला. पुढे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ आली. प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा, भांडणे वेगळी, दिवाळी अंक वेगळे. ब्लॉगच्या बहराच्या काळात ‘रेषेवरची अक्षरे’ने चांगल्या ब्लॉगलेखनाची निवड करून अंक काढले, ही निवडीची कल्पना फार मोलाची होती. 2017 पासून ‘हाकारा’ हे मराठी-इंग्रजी द्वैभाषिक नियतकालिक जालावर निघते. एक सूत्र ठरवून त्याभोवती कथा, कविता, निबंध, चित्रे बांधणारे, मांडणीची आणि मजकुराची काळजी घेणारे हे प्रकाशन पाहिले की जालावरचे मराठी नियतकालिक किती देखणे असू शकते याची खात्री पटते. मात्र तेही या एका कथाप्रकाराला वाहिलेले नाही.

या काळातली खरी नवलाई म्हणजे शतशब्दकथा. ‘मिसळपाव’ आणि ‘मायबोली’वर नेमक्या शंभर शब्दांच्या कथांच्या स्पर्धा झाल्या, ‘शशक’ हे त्यांचे लाडके नाव पडले, आणि पाहता पाहता भय, गूढ आणि विज्ञान हेच तिचे आवडते विषय झाले. शंभर शब्दांत पात्र उभे करायला वाव नसतो, त्यामुळे सगळा भार शेवटच्या ओळीतल्या कलाटणीवर येतो. तिचा फायदा असा, की कधीच काही न लिहिलेली माणसे लिहू लागली आणि शब्द मोजण्याची शिस्त आली. तोटाही तितकाच मोठा. कथा म्हणजे शेवटी दिलेला धक्का, अशी समजूत रुजली. आमच्याकडची मुले मला तीन हजार शब्दांची कथा दाखवतात तेव्हा अनेकदा ती एकच शशक तीसपट ताणलेली असते. शेवटच्या ओळीत कळते की निवेदक यंत्रमानव आहे, आणि त्याआधीच्या तीन हजार शब्दांत त्या यंत्रमानवाला काहीच होत नाही.

या सगळ्या धडपडीतले किती उरले? सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत होता. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, तो आपल्या संगणकावर उतरवून घेतला तरच अक्षरे दिसायची. युनिकोड रुळले, फॉन्ट नाहीसे झाले, आणि जुन्या पानांवर आता अक्षरांऐवजी चिन्हांचा चिखल दिसतो. 2009 मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले तेव्हा जगभरातल्या हौशी पानांचा खजिना एका झटक्यात नाहीसा झाला. कुणी हौसेने काढलेला अंक, संकेतस्थळाच्या पत्त्याचे वार्षिक पैसे भरायचे राहून गेले म्हणून अदृश्य होतो, हे आजही घडते. ‘मनोरंजन’चा शंभर वर्षांपूर्वीचा अंक एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात पिवळा पडून का होईना, सापडतो. विसेक वर्षांपूर्वीचा जालावरचा अंक सापडेलच असे नाही. ज्यांना नवे मासिक काढायचे आहे त्यांनी पहिल्या अंकाआधी जतनाची सोय करावी. प्रत्येक अंकाची पीडीएफ प्रत, ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर तिची नोंद, आणि दोन ग्रंथालयांना छापील प्रत, एवढे पुरेसे आहे.

आजच्या तरुण लेखकाला सर्वांत आधी दिसते ते ‘प्रतिलिपी’सारखे व्यासपीठ. 2014 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या या उपक्रमाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत लाखो लोकांना वाचते-लिहिते केले, हे निखालस चांगले काम आहे. तिथे कथा टाकायला कुणाची परवानगी लागत नाही, वाचक मिनिटागणिक मोजता येतात, प्रतिसाद लगेच येतात. पण व्यासपीठाला जे हवे असते ते कथेचे रूप ठरवते. तिथे भागांची कादंबरी चालते, कारण वाचक पुढच्या भागासाठी परत येतो. एका बैठकीत संपणारी, वाचून झाल्यावर दोन दिवस छळणारी लघुकथा त्या हिशेबात बसत नाही. भयकथांना तिथे उदंड वाचक आहेत, पण त्यांतल्या बहुतेक कथांना कुणा दुसऱ्याची नजर लागलेली नसते. शुद्धलेखन ही त्यातली क्षुल्लक गोष्ट. ‘हे पात्र दुसऱ्या पानावर कशाला आले?’ असे विचारणारे कुणी नसते, ही खरी उणीव.

‘साभार परत’ हे दोन शब्द मराठी लेखकांच्या पिढ्यांनी धास्तीने वाचले. ‘सत्यकथा’ 1933 ते 1982 चालली. तिच्यावर एककल्लीपणाचे आरोप झाले, चिडलेल्या तरुण लेखकांनी तिचा अंकही जाळला, आणि त्या रागामागे खरी कारणे होती: कोणाचे अनुभव साहित्यात येऊ द्यायचे हे मोजक्या लोकांच्या हातात होते. हे सगळे मान्य करूनही तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवताना काय करायला हवे तेही लिहीत, लेखकाकडून ती पुन्हा लिहून घेत, हे विसरून चालणार नाही. जालाने दार राखणाऱ्याला घालवले, ते बरेच झाले. पण त्याच्याबरोबर कथा दोनदा वाचणारा माणूसही गेला, आणि त्याची जागा अजून रिकामी आहे.

इंग्रजीत ही जागा जालावरच्या छोट्या मासिकांनी भरली. सप्टेंबर 2000 मध्ये सुरू झालेले ‘स्ट्रेंज होरायझन्स’ स्वयंसेवक चालवतात, वाचकांच्या देणग्यांवर चालवतात आणि तरी लेखकाला रीतसर मानधन देतात. त्याच्या संपादनात आपल्याकडच्या गौतम भाटिया यांचा मोठा वाटा राहिला आहे. 2006 पासून निघणाऱ्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’मध्ये जानेवारी 2015 ला आलेल्या नेओमी क्रिट्झर यांच्या छोट्या कथेला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. जालावर फुकट वाचता येणारी कथा त्या क्षेत्रातला सर्वोच्च मान मिळवते, याचे तिकडे आता कुणाला नवल वाटत नाही. भारतातून ‘मिथिला रिव्ह्यू’ने 2015 पासून अशाच प्रकारचे इंग्रजी काम केले. अमेरिकेतली विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांची संघटना व्यावसायिक दर म्हणून शब्दाला किमान 8 सेंट धरते. 3000 शब्दांच्या कथेचे 240 डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास. बहुतेक छोटी मासिके याहून बरीच कमी रक्कम देतात, काही केवळ नावापुरती. तरी चांगल्या मासिकांत एक शिस्त दिसते: किती शब्द हवेत, किती दिवसांत उत्तर देऊ, कोणते हक्क घेऊ आणि ते लेखकाकडे कधी परत जातील, हे आधीच लिहिलेले असते. कथा पाठवायला पैसे मागणारे मासिक तिथे संशयाने पाहिले जाते. आपल्याकडे ‘निवडक कथांच्या’ संग्रहात जागा देतो म्हणून नवोदितांकडून पैसे घेण्याची पद्धत बोकाळली आहे. ती मला अत्यंत चीड आणणारी वाटते. लेखकाने कथेसाठी पैसे देऊ नयेत, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाने मुलांना सांगावे.

या इंग्रजी मासिकांचे सगळे सुखाचे आहे असेही नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा एवढा लोंढा आला, की ‘क्लार्क्सवर्ल्ड’ला 20 तारखेला कथा स्वीकारणे थांबवावे लागले. महिना पुरा व्हायच्या आत तशा पाचशेच्या आसपास कथा आल्या होत्या. झटपट पैसे मिळतील म्हणून कुणीतरी पसरवलेल्या सल्ल्यांचा तो परिणाम होता. वाचणारी माणसे मोजकी, आणि त्यांचा वेळ असल्या मजकुरात जाऊ लागला तर खरा नवोदित रांगेत मागे ढकलला जातो. त्याच वर्षी अॅमेझॉनने किंडलवरची मासिकांची वर्गणी योजना गुंडाळली, आणि तिच्यावर विसंबलेल्या मासिकांचे उत्पन्न घटले. मराठीत कुणी अशा वाटेने निघाले तर वाचकाचा पत्ता, वर्गणी आणि अंकांचा साठा एकाच परक्या कंपनीच्या हाती देऊ नये, हा धडा त्यातून घ्यावा.

इंग्रजीशी तुलना कुणाला परकी वाटेल, तर कोलकात्याकडे पाहावे. बंगालीत अद्रीश बर्धन यांनी 1963 मध्ये ‘आश्चर्य!’ हे विज्ञानकथेचे मासिक काढले. ते बंद पडले, त्यानंतरही प्रयत्न झाले, आणि 2016 मध्ये काही उत्साही वाचकांनी ‘कल्पबिश्व’ हे वेब-मासिक सुरू केले. ते नुसते टिकले नाही, त्यातून प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि विस्मरणात गेलेल्या जुन्या बंगाली विज्ञानकथाही पुन्हा वाचकांसमोर आल्या. मराठीत त्या तोडीचे, केवळ या कथाप्रकाराला वाहिलेले आणि वर्षानुवर्षे टिकलेले वेब-मासिक उभे राहिले नाही. आपल्याकडे स्पर्धा आहे, ‘नवल’ आणि ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांची परंपरा आहे, मेघश्री दळवींसारखे सातत्याने लिहिणारे विज्ञानकथाकार आहेत, हृषीकेश गुप्ते यांच्यासारखा भयकथेला नवी भाषा देणारा लेखक आहे. वाचक तर आहेतच. नसते तर ‘प्रतिलिपी’वरच्या भयकथा वाचल्या कुणी असत्या? पण दिवाळी वर्षातून एकदा येते. दिवाळीत निवडली न गेलेली कथा पुढच्या दिवाळीपर्यंत फाइलीत पडून राहते आणि तोवर लिहिणाऱ्याचा उत्साह ओसरतो.

संपादक काय करतो हे एका उदाहरणाने दाखवतो. आमच्या भागात पाण्यावर लिहिणारे पुष्कळ. कथा साधारण अशी सुरू होते: ‘इसवी सन 2075. पृथ्वीवरील गोड्या पाण्याचे साठे संपुष्टात आले होते. जगद्विख्यात शास्त्रज्ञ डॉ. देशमुख आपल्या अद्ययावत प्रयोगशाळेत चिंतामग्न बसले होते.’ हे लिहिणाऱ्या मुलाने प्रयोगशाळा पाहिलेली नसते. त्याने पाहिलेले असते बावखल. आमच्याकडे वाड्यांच्या मधोमध पूर्वजांनी खणून ठेवलेली गोड्या पाण्याची तळी आहेत, पावसाळ्यात भरणारी, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देणारी, समुद्राचे खारे पाणी आत येण्यापासून अडवणारी. कित्येक बुजवली गेली, उरलेली वाचवण्यासाठी लोक धडपडतात. या मुलाला मी विचारतो, 2075 मध्ये बुजवलेल्या बावखलात एका रात्री पाणी परत आले तर? मग त्याची पहिली ओळ अशी होऊ शकते: ‘बावखल विकायचं नाही असं आजोबांनी कागदावर लिहून ठेवलं होतं, पण त्यात पाणी परत आलं तर ते कुणाचं, हे लिहायचं राहून गेलं.’ आता प्रश्न सुटत जातात. त्या जागेवर इमारत उभी आहे, तिच्या तळमजल्यावर पाणी चढतेय, ते गोडे आहे. इमारतीतले लोक पंप लावून ते बाहेर फेकणार की बाटल्यांत भरून विकणार? टँकरवाल्याचे काय? चर्चमध्ये त्या रविवारी काय सांगितले जाईल? डॉ. देशमुखांची गरज उरत नाही, आणि विज्ञान कुठेही कमी होत नाही. भूजल, क्षार, भरती यांची माहिती लेखकाला आता खरोखरच मिळवावी लागते.

मराठी विज्ञानकथा दीर्घ काळ पुण्या-मुंबईच्या संस्थांत, परिषदांत आणि परदेशी विमानतळांवर घडली. ज्यांनी ती लिहिली त्यांचे जग ते होते, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिले. पण आता विज्ञानाचे परिणाम ज्यांच्या अंगावर येतात ते लोक किनाऱ्यावर आहेत. वसईने हे आधीच अनुभवले आहे. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात दिब्रिटो पुढे होते तो काळ, पाण्याच्या टँकरांचे राजकारण, 2009 मध्ये महापालिका झाल्यावर गावांनी मागितलेला वेगळेपणा, जुलै 2018 च्या पुरात नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून ठप्प झालेल्या लोकल, विरारवरून आखलेली बुलेट ट्रेन. शेतात पानवेल आणि केळी, बाजूला वीस मजली टॉवर. कल्पितकथा लिहायला याहून सुपीक जमीन कुठे मिळणार? इथल्या घरांत सामवेदी म्हणजेच कादोडी, वाडवळी बोलली जाते. भविष्यातली माणसे प्रमाण मराठीतच बोलतील असे कुणी ठरवले? संवाद बोलीत ठेवून लिहिलेली विज्ञानकथा हा प्रयोग इथून व्हायला हवा, आणि तो सांभाळून घेणारा संपादकही इथलाच हवा, जो प्रत्येक बोली शब्दापुढे कंसात अर्थ टाकण्याचा आग्रह धरणार नाही.

वसईला छोट्या नियतकालिकांची सवय आहे, हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. ‘सुवार्ता’बरोबरच इथे नाताळ विशेषांकांची परंपरा आहे. मित्रमंडळी जाहिराती गोळा करतात, लेख मागवतात, प्रुफे तपासतात आणि डिसेंबरात अंक घरोघर पोचवतात. म्हणजे संपादन, मुद्रितशोधन, वर्गणी आणि वितरण ही चारही कामे हाताला बसलेली माणसे गावोगाव आहेत.

मग या कथाप्रकाराचे नियतकालिक काढायला काय लागेल, याची आकडेमोड करून पाहू. जालावरचे त्रैमासिक काढले, प्रत्येक अंकात चारच कथा घेतल्या आणि कथेला 2000 रुपये मानधन दिले, तर वर्षाच्या 16 कथांचे 32,000 रुपये होतात. पत्ता आणि सर्व्हर यांचे वरखर्चाचे काही हजार वेगळे. वर्षाला 200 रुपये देणारे 160 वर्गणीदार मिळाले की मानधन भागते. अंक सगळ्यांना वाचायला खुला ठेवावा, वर्गणी आपुलकीची. कथा लेखकाचे नाव झाकून वाचाव्यात. महिन्याभरात पोच आणि तीन महिन्यांत निर्णय कळवावा. नाकारलेल्या प्रत्येक कथेवर सविस्तर लिहिणे शक्य होणार नाही, पण काठावर राहिलेल्या चार-पाच कथांना दोन परिच्छेदांचे पत्र जायलाच हवे, कारण पुढच्या अंकाचे लेखक तिथूनच येणार. हक्क एका वर्षापुरते घ्यावेत आणि नंतर लेखकाकडे परत जावेत, म्हणजे तो पुढे संग्रह काढू शकेल. अंकातली एक तरी कथा जुनी असावी. खांबेटे किंवा सोमण यांची, वारसांची परवानगी घेऊन, टाइप करून. आणि एक कथा अनुवादासाठी निवडावी. ‘स्ट्रेंज होरायझन्स’च्या कुटुंबातले ‘सामोवार’ हे नियतकालिक 2017 पासून केवळ अनुवादित कल्पितकथांसाठी निघते आणि मूळ भाषेतली कथाही इंग्रजी अनुवादाच्या शेजारी छापते. देवनागरीत लिहिलेली, कादोडी संवादांची कथा तिथे आहे तशी जाऊ शकते.

दोन संपादक, एक मुद्रितशोधक, मांडणी करणारा एक जण, एवढी माणसे लागतील. संपादकांपैकी एक तरी स्त्री असावी आणि एक तरी पस्तिशीच्या आतला. पहिल्या अंकाचे आवाहन विरार-वसईच्या महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि चर्चच्या सूचनाफलकांवर लावावे आणि त्यात शब्दमर्यादा, मानधन, निर्णयाची मुदत आणि यंत्राने लिहिलेली कथा स्वीकारली जाणार नाही हे स्पष्ट लिहावे. कथा पाठवण्याची शेवटची तारीख पावसाळ्यात ठेवावी. दिवाळी अंकांची घाई त्याच सुमारास सुरू होते, आणि तिथे न निवडल्या गेलेल्या चांगल्या कथा आपसूक इकडे येतील.